उजव्या पायातला डावा बूट

रोपवेच्या डबीत चढण्याआधी कुमुदने माझ्या मफलरची गाठ नीट केली आणि म्हणाली, "अहो, आज तरी मला बघू द्या ना, तुम्ही उतरताना."

"अगं, मागच्या बाजूचा उतार आहे तो. खालून दिसत नाही."

"मग मी वर येते."

"वर काय येतेस? एक वाजेपर्यंत वर्ग आहे ना तुझा? तो बघ टेकचंद, वाट बघतोय."

टेकचंद म्हणजे तिला स्कीइंग शिकवणारा. तिशीतला, उन्हाने रापलेला, सतत हसणारा. कुमुदला तो 'मॅडमजी' म्हणायचा आणि मला 'उस्ताद'. तो 'उस्ताद' म्हणाला की मी दर वेळी दुसरीकडे बघायचो.

डबीचं दार लागलं. मी हात हलवला. मनात म्हटलं, रमाकांत ताम्हणकर, आज तिसरा दिवस. आणखी दोन काढले की सुटलास.

आता सांगूनच टाकतो. मला स्कीइंग येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आज येत नाही, कधीच आलं नाही. आणि माझ्या बायकोला पंचवीस वर्षं वाटत होतं की, मी त्यात पट्टीचा आहे.

झालं होतं ते असं. १९७९ साली कॉलेजची सहल मनालीला गेली होती. तिथल्या एका फोटोवाल्याने माझ्या पायाला स्की बांधल्या, हातात काठ्या दिल्या, फोटो काढला आणि सगळं परत काढून घेतलं. दहा मिनिटांचं काम. पाच वर्षांनी कुमुदला बघायला आम्ही सांगलीला गेलो. पोहे झाले, चहा झाला. तिच्या वडिलांनी विचारलं, "हौसमौज काय आहे मुलाला?" मी मिरजेत पंखे आणि पाण्याच्या मोटारी विकणारा माणूस, मला कसली आलीय हौस? पण आमचे दत्तूमामा असे ऐकणार थोडेच! त्यांनी खिशातून तो फोटो काढला. "भाचा आमचा बर्फावरून घसरण्यात वाघ आहे! सर्टिफिकेट आहे!"

'मामा, काहीतरीच काय' असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण तोपर्यंत खाली मान घालून बसलेल्या मुलीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. हात्तिच्या! मी तोंड मिटलं.

एवढंच. बाकी सगळं त्यावर चढलेलं लिंपण. स्थळं बघताना कोण वाढवून सांगत नाही? मुलीकडचे सांगतात पेटी वाजवते, आणि लग्नानंतर पेटी कधी उघडतसुद्धा नाही. पण कुमुद विसरणाऱ्यांतली नव्हती. फोटो तिने दिवाणखान्याच्या कपाटात लावला. पाहुणा आला की, "अहो, सांगा ना मनालीचं." एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तेच काय सांगायचं, म्हणून त्यात एक अरुंद नाळ आली. दोन डोंगरांमधली बर्फाने भरलेली घळ. चौथ्यांदा त्या नाळेत एक बंगाली मुलगा अडकला आणि मी त्याला पाठीवर घेऊन खाली आणला. उचलली जीभ लावली टाळ्याला! कुमुद मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. हिमनदीचा धडा आला की ती वर्गात माझी गोष्ट सांगायची. रस्त्यात पोरी मला वळून वळून बघायच्या.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार, त्याआधी दिवाळीत तिने जेवणाच्या टेबलावर एक आलेखाचा कागद पसरला. पट्टीने आखलेले रकाने, वर दोघांची नावं. तिच्या नावाखाली 'कच्ची', माझ्या नावाखाली 'पक्के'.

"मासिकात वाचलं मी," ती म्हणाली. "दोघांची तयारी सारखी नसेल, तर ठिकाण कसं निवडायचं. सगळेजण कच्च्या माणसाला झेपेल असं ठिकाण निवडतात आणि मग पक्का माणूस आठवडाभर जांभया देतो. मी दोन ठिकाणं काढलीत. हे चंदनखाल. सगळे उतार सोपे. आणि हे रूपसर. खाली माझ्यासारख्यांना सपाटी, आणि रोपवेने वर गेलं की तुमच्यासारख्यांसाठी मागचा उतार. तिथे नाळसुद्धा आहे, अगदी तुमच्या मनालीसारखी."

मी म्हटलं, "चंदनखालच घेऊ. तुझ्याबरोबर राहता येईल मला."

वाटलं, सुटलो. तर तिच्या डोळ्यांत पाणी!

"पंचवीस वर्षं हेच केलंत तुम्ही. संसार, दुकान, माझ्या आईचं आजारपण. एकदासुद्धा बर्फाला पाय लागला नाही तुमचा, आणि कधी बोलून दाखवलं नाहीत. ह्या वेळी नाही ऐकायची मी. रूपसरच."

आता काय बोलणार, कप्पाळ! जानेवारीत मी गुडघा धरून बसायला लागलो. तिने डॉक्टर केला, तेल केलं, महिनाभर रोज सकाळी स्वतः चोळून दिलं. इतक्या प्रेमाने चोळलेला गुडघा दुखणार तरी कसा? तिच्या वर्गाचं दहावीचं वर्ष असताना तिने आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांची रजा टाकली आणि फेब्रुवारीत आम्ही रूपसरला पोचलो.

पहिल्या दिवशी वर गेलो आणि मागच्या उतारावरून खाली नुसतं वाकून बघितलं आणि फाटकाचा खांब घट्ट धरला. फाटकाच्या पलीकडे दोन वाटा होत्या. एक धारेवरून, म्हणजे डोंगराच्या कण्यावरून, लांबची आणि सुरक्षित. दुसरी सरळ नाळेत. मी तिथून मागे फिरलो. रोपवेच्या ठाण्यामागे एका म्हातारीची पत्र्याची चहाची टपरी होती. सगळे तिला अम्मा म्हणायचे. तिच्या शेगडीपाशी मी तीन तास बसलो. मग विजारीला बर्फ चोळला आणि रोपवेने खाली आलो.

"कसं होतं?" कुमुदने विचारलं.

"अजून हात बसलेला आहे," मी म्हटलं.

पण संध्याकाळी टेकचंद म्हणाला, "उस्ताद, रजिस्टर में आपका नाम नहीं दिखा." वरच्या फाटकाला एक वही दोरीने बांधलेली असायची. जो कोणी मागच्या उतारावर जाईल, त्याने नाव, वेळ आणि आपल्याला किती येतं ते लिहायचं. परत वर चढून आला की सही करायची. तिथल्या बचाव पथकाचा मुख्य होता ठाकूर. कोण बाहेर आहे, हे त्याला त्या वहीवरून कळायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी नाव लिहिलं, 'एक्स्पर्ट' असं लिहिलं, टपरीत जाऊन बसलो आणि एक वाजता येऊन सही केली. चोख काम. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

तिसऱ्या दिवशीही दहा वाजून पाच मिनिटांनी नाव लिहिलं आणि टपरीत शिरलो. ते स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकचे खोके असतात. मी काढून ठेवले, पाय शेगडीकडे केले. अम्माने चहा दिला.

"आज भी नहीं उतरोगे, बाबूजी?"

"घुटना," मी म्हटलं.

साडेअकराच्या सुमाराला आवाज झाला. मोठा नव्हता. गोदामात लांब कुठेतरी पोती कोसळावीत, तसा. पण पायाखालची फळी हलली. अम्मा उभी राहिली आणि तिने हात जोडले. बाहेर धावपळ, शिट्ट्या. मी पत्र्याच्या फटीतून बघितलं. ठाकूर फाटकापाशी वही उघडून उभा होता.

"नाले में बर्फ गिरी है. बाहर कौन है? एक ही आदमी. ताम्हणकर. एक्स्पर्ट."

माझं नाव! तेव्हाच पत्र्याआडून बाहेर यायला हवं होतं. 'मी इथे आहे.' तीन शब्द. ठाकूरने चार शिव्या हासडल्या असत्या आणि विषय संपला असता. मी उठलोही होतो. तेवढ्यात रोपवेची डबी आली आणि तिच्यातून कुमुद उतरली. बरोबर टेकचंद. खाली वारा सुटल्यामुळे तिचा वर्ग लवकर संपला होता. मला उतरताना बघायला आली होती ती.

ठाकूरने तिला विचारलं, "ताम्हणकर आपके कौन?"

"मिस्टर आहेत माझे," ती मराठीतच म्हणाली. "क्या हुआ?"

ठाकूरने सांगितलं. चांगला माणूस होता तो, सावकाश सांगितलं. मी टपरीच्या आत, ती बाहेर. मध्ये आठ हात अंतर आणि एक पत्रा. तो म्हणत होता, मॅडम, दोन वाटा आहेत. तुमचे मिस्टर धारेने गेले असतील तर सुखरूप आहेत, येतील अर्ध्या तासात. नाळेने गेले असतील तर बर्फाखाली आहेत, आणि मग एकेक मिनिट मोलाचं. पण वर अजून बर्फ लटकलेला आहे. आत माणूस पाठवायचा म्हणजे त्याच्याही जिवाला धोका. तुम्ही त्यांना ओळखता. कुठल्या वाटेने गेले असतील?

धारेने म्हण, कुमुद. म्हण गं बाई, धारेने.

"नाले से," कुमुद म्हणाली. आवाजात शंका नव्हती. "वो नाले से ही जाएँगे. १९७९ साली अशाच नाळेतून त्यांनी एका मुलाला पाठीवर काढलंय. मुझे मालूम है. मी ओळखते ना त्यांना."

माझेच शब्द. माझ्या जेवणाच्या टेबलावरचे, पाहुण्यांसमोरचे. आणि आता ते तिच्या तोंडी.

टेकचंद तोपर्यंत कमरेला दोर बांधायला लागला होता. "मैं जाता हूँ, साब. मॅडमजी, आप फिकर मत करो. उस्ताद को लेकर ही आऊँगा."

आणि आता जे सांगतो, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हासुद्धा मी बाहेर आलो नाही. माझ्या डोक्यात काय आलं माहितीय? की चहाच्या टपरीतून कसं बाहेर यायचं! त्यापेक्षा बूट घालावेत, स्की खांद्यावर टाकाव्यात, मागच्या मागे वळसा घालून धारेच्या बाजूने यावं आणि विचारावं, 'काय झालं? कसली गर्दी?' कोणाला कळणारसुद्धा नाही. दोन मिनिटांचं काम.

बूट गारठून कडक झाले होते. एकेका बुटाला चार बकलं. एक लागायचं, दुसरं निसटायचं. अम्मा ओरडली, "बाबूजी, वो लोग किसको ढूँढ रहे हैं?" मी म्हटलं, "रुको, रुको." आठ बकलं लावली मी. एक सोडलं नाही. पाच मिनिटं गेली असतील, सहा गेली असतील. स्की उचलून टपरीला वळसा घातला आणि पुन्हा तोच आवाज झाला.

ह्या वेळी जवळून. नाळेच्या तोंडातून पांढरी धूळ वर आली. ठाकूर काहीतरी ओरडला, चार माणसं धावली. कुमुद बर्फात गुडघ्यांवर बसली होती.

"कुमुद," मी मागून म्हटलं.

ती वळली. अरे देवा, तो चेहरा! पंचवीस वर्षांत मला बघून एवढा आनंद तिला कधी झाला नव्हता. धडपडत उठली आणि माझं जॅकेट दोन्ही मुठींत घट्ट धरलं.

"आहात! आहात तुम्ही! अहो, टेकचंद आत गेलाय तुम्हाला शोधायला! कुठून आलात तुम्ही?"

"धारेने," मी म्हटलं.

तेव्हासुद्धा! समोर माणूस गाडला गेलाय, आणि माझी जीभ आपली सवयीने चालली.

तिने मान हलवली. 'धारेने,' असं स्वतःशीच पुटपुटली. मग तिची नजर माझ्या कोरड्या विजारीवर गेली, आणि तिथून खाली बुटांवर. आणि तिथेच थांबली. मीही खाली बघितलं. बकलं आतल्या बाजूला होती. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती हीच. दोन दिवस मी तिला हॉटेलच्या खोलीत बूट घालताना बघत होतो. 'बकल बाहर, मॅडमजी, बकल बाहर,' असं टेकचंदची नक्कल करत ती हसायची.

मागून अम्मा आली. तिच्या हातात माझे हातमोजे होते. "बाबूजी, ये भूल गए. और ये सब क्या है? आप तो सुबह से मेरे पास बैठे हो. कल भी, परसों भी."

कुमुदने मुठी सोडल्या. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. पण ती वळली आणि नाळेच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओरडली, "ठाकूरसाब! मेरे पति यहाँ हैं! नाले में और कोई नहीं है! सिर्फ टेकचंद है! उसको निकालो! सिर्फ उसको!"

वीस मिनिटं लागली. त्याचा एक हात बर्फाच्या वर राहिला होता, म्हणून सापडला. स्ट्रेचरवरून त्याला रोपवेकडे नेताना ते आमच्या समोरून गेले. कमरेखालचा भाग भलत्याच दिशेला वळला होता. तोंड निळं पडलं होतं. पण डोळे उघडे होते, आणि त्याला मी दिसलो.

"उस्ताद," तो म्हणाला. "आप ठीक हैं ना?"

मी मान हलवली. मी ठीक होतो.

संध्याकाळी हॉटेलात फोन आला. जीव वाचला होता. कंबर आणि डावा पाय मोडला होता. चालेल, पण स्की आता नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. फोन कुमुदनेच घेतला. मग पलंगाच्या कडेवर बसली. पर्समधून तिने तो आलेखाचा कागद काढला आणि मांडीवर उघडला. कितीतरी वेळ बघत होती. मी समोर खुर्चीत. सगळं सांगून झालं होतं माझं. दत्तूमामा, फोटोवाला, दहा मिनिटं, बंगाली मुलगा. रडून झालं होतं. तिचा एक थेंब नाही.

"मी सांगितलं त्यांना नाळेने म्हणून," ती म्हणाली. "मी पाठवलं त्याला."

"तू नाही गं. मी पाठवलं."

तिने कागदाची घडी घातली. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आणखी काय?"

"म्हणजे?"

"हे खोटं होतं. आणखी काय काय?"

मी आठवलं. खरंच आठवलं, मनापासून, सगळी पंचवीस वर्षं. दुकान, घर, तिच्या आईचं दुखणं, तिचं-माझं. काही नव्हतं. ही एक गोष्ट सोडून मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो.

"काही नाही, कुमुद. तुझी शपथ. आणखी काही नाही."

"बरं," ती म्हणाली.

त्या 'बरं'ला आता पंधरा वर्षं झाली. संसार चालू आहे. भांडण नाही, टोमणा नाही, नातेवाइकांत चकार शब्द नाही. कपाटातला फोटो मी उतरवला, तिने विचारलं नाही कुठे गेला. टेकचंद काठी घेऊन चालतो आणि रूपसरला त्याच फाटकापाशी वही सांभाळतो. कुमुद दर वर्षी त्याच्या घरी फराळाचा डबा पाठवते आणि दर वर्षी त्याचा फोन येतो. तिच्याशी बोलून झालं की तो म्हणतो, "उस्ताद को नमस्ते कहना." ती तो निरोप मला जसाच्या तसा सांगते, 'उस्ताद'सकट.

आज सकाळचीच गोष्ट. मी पेपर वाचत होतो. तिने स्वयंपाकघरातून विचारलं, "बीपीची गोळी घेतलीत?"

"घेतली," मी म्हटलं.

ती हात पुसत बाहेर आली. फ्रिजवरचा डबा उघडला, गोळ्यांचं पाकीट काढलं, उजेडाकडे धरून मोजलं आणि परत ठेवून आत गेली. रोज मोजते.

गोळी मी घेतली होती.